आधी कपॅसिटर रिकामा करा

सोहारला उन्हाळ्यात साडेबारा ते साडेतीन
काम बंद असतं, कायद्यानं.
सावली म्हणजे आमची व्हॅन,
आणि व्हॅनच्या पलीकडच्या अंगाला, तिच्या आरशासमोर,
लतीफ हमदुले.
मोबाइल बंद. हातात नुसता धरलेला.
"बरा हाय मी. जेवलो. नाय गो, गरम कुठला."
मग थांबून, गाल वर ओढून, पुन्हा:
"बरा हाय मी."

मुलीला फोन करण्याआधीची ही तालीम.
मला ते ठाऊक नव्हतं.
ठाऊक असतं तर काढला नसता, असं म्हणवत नाही.
काचेआडून अकरा सेकंद काढले,
त्याचे शब्द पुसून वर ढोलकी टाकली
आणि दिले सोडून.

रात्रीपर्यंत चार लाख.
मला कुणी कधी चार लाख काही दिलं नव्हतं.
खोलीतल्या आठ जणांत त्या रात्री
वरच्या बंकवर मी राजासारखा पडलो होतो.

आता हेही सांगतो, कारण हिशेब दोन्हीकडचा हवा.
फोरमननं मला शिव्या शिकवल्या.
काम शिकवलं एका माणसानं, ज्याचा चेहरा मी पाहिलेला नाही.
हैदराबादी बोली, अंगठ्याला निळी चिकटपट्टी.
मशीन बंद केली म्हणून लगेच हात घालू नका, म्हणायचा,
बंद यंत्रातही वीज मुक्कामाला असते.
ती चौदा मिनिटं मी शंभरदा पाहिली असतील.
त्यानं पैसे मागितले नाहीत, नावही सांगितलं नाही.
माझी दहा बोटं आज दहाच्या दहा आहेत.
आणि त्याच काचेवर
अंगठा जरा वर सरकवला
की लतीफ.

चौथ्या दिवशी मुलीचा फोन आला, मंडणगडहून.
शाळेतल्या पोरींनी दाखवला होता.
रडली नाही, म्हणाला. एवढंच बोलली,
"अब्बा, आता मी विचारणार नाय, कसे आहात म्हणून."

मला वाटलं, मारेल. पाना हातातच होता.
म्हणाला, दाखव.
पाहिला. पुन्हा पाहिला. ढोलकी वाजत राहिली.
मग चष्मा कपाळावर नेऊन, हळूच:
"बाजूनं मी असा दिसतो?
नऊ वरसात बाजूनं कुणी दाखवलाच नाय मला.
फोनवर माणूस समोरनंच दिसतो."

मी काढून टाकला.
दोन महिन्यांनी सलालाहून आलेल्या ड्रायव्हरच्या फोनवर
तो होता. वर दुसरंच गाणं,
खाली कुठल्याशा लिपीतलं हसू.
लतीफ शेजारीच जेवत होता.
ड्रायव्हरनं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे,
आणि फोन उपडा ठेवला.
त्या माणसाचं नाव मी विचारून घेतलं. थंकप्पन.

हल्ली शुक्रवारी आम्ही दोघं काढतो.
मराठीत. चेहरे नाहीत, नुसते हात.
त्याला आधी विचारलं.
जीभ जड झाली, एवढ्याशा प्रश्नाला.
"हात चालतील," म्हणाला, आणि बॅटरी धरली.
कॉइल धुणं, साबणाच्या फेसानं गॅसची गळती शोधणं,
आणि दर वेळी सुरुवातीला तेच, आधी कपॅसिटर.

त्रेचाळीस जण पाहतात.
बहुतेक पहिल्या मिनिटातच उठून जातात.
एक कुणीतरी दर शनिवारी पहाटे
शेवटपर्यंत बसून राहतं.
शेवटचं मिनिट खरं तर मी कापायला हवं,
शिकण्यासारखं काही नाही त्यात.
झाकणाचे चार स्क्रू, पंख्याची घरघर,
आणि बॅटरीचा उजेड जरासा हलतो,
हात भरून आल्यावर.